डावं म्हणजे तुझं डावं

आधी चाकांतली हवा सोडायची.
बारा पौंडांवर आणायची, लव्हॉन म्हणाली,
आणि गुडघा टेकून बसली पुढच्या टायरपाशी,
बहात्तर वर्षांची, एका कानात यंत्र,
दुसरा कान हवेच्या शिळेला लावून.
फुगलेलं चाक खडकावरून उडतं, व्हीजे.
मऊ पडलं की धरतं.
(वैजयंती तिला कधीच जमणार नाही,
मीही नाद सोडलाय.)

जीप तिच्या नवऱ्याची. गेल्या मंगळवारपासून
कागदोपत्री माझी.
सत्याऐंशी सालची, पण त्या सालचं
आत उरलंय ते हॉर्न आणि समोरची काच.
अ‍ॅक्सल दुसऱ्या ट्रकचे, स्प्रिंगा चार बोटं उंच,
पोटाखाली पत्रा, आणि कडेच्या या लोखंडी नळ्या
डेलमारने वेल्ड केल्या
ज्या हिवाळ्यात दोघांचं बोलणं बंद होतं.
"टाके बघ किती सरळ.
रागात हात स्थिर असायचा त्याचा."

विकताना अट एकच:
पहिली फेरी माझ्यासोबत.

मोआबच्या मागची ही टेकाडं
भाजून विसरलेल्या विटांसारखी.
मी काळ्या कातळाच्या मुलखातली,
आमचा दगड पावसात शेवाळतो, माणूस पाडतो.
इथल्या दगडाला निसरडा म्हणतात ते घोड्यांमुळे,
नाल घसरायचे. रबर घसरत नाही.
हात फिरवून पाहिला:
पॉलिशपेपर. तळव्याला झोंबत राहिला दुपारभर.

ती उतरली आणि पुढे चालू लागली,
गाडीकडे तोंड करून, उलटी.
मी आयुष्यभर नाकासमोर चालणारी,
मला बघूनच घाम फुटला.
"दगडाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.
डावं म्हणजे तुझं डावं. माझं विसर."

एकतीस वर्षं ती अशीच चढली ही वाट.
डेलमारला खडक दिसले, कडे दिसले, लांबची नदी दिसली.
हिला फक्त डेलमारचा चेहरा,
स्टिअरिंगच्या वर, घामेजलेला, जीभ दातांत.
मागे काय आहे ते तिच्या टाचांना ठाऊक.

मूठ म्हणजे थांब.
दोन बोटं म्हणजे दोन इंच.
मुंगीने ओझं न्यावं तसा तो गिअर,
पायाने काही करायचं नाही,
नुसतं ब्रेकवर मन ठेवायचं.

तिसऱ्या पायरीशी नाक वर गेलं
आणि काचेतून दगड गेला, लव्हॉन गेली.
नुसतं आभाळ.
बॉनेटच्या कडेवर दोन हात तेवढे,
सुरकुतलेले, कुणाचेच नसल्यासारखे.
डावं. अजून डावं. मूठ.
खाली डेलमारची नळी दगडावर घासली,
माझे दात शिवशिवले,
मागची चाकं एकत्र बांधणारं बटण दाबलं
आणि गाडी, कण्हत, स्वतःच
स्वतःला वर ओढून घेऊन आली.

वर जुनिपरच्या सावलीत
मी दशमी काढली, तिने मोहरी लावलेला पाव.
"त्या काळ्या खरबरीत मातीवर पाय नको,
ती जिवंत आहे," एवढंच बोलली.
सरडा आला, गेला.
मग रुमालाने बोटं पुसता पुसता:
"त्या सीटवर मी कधीच बसले नाही."
मी विचारलं, का?
"पुढे कोण चालणार होतं?"

आता उतार आहे. किल्ली तिच्याकडे.
मी खाली उभी, हात वर केलेली,
आणि पहिलाच हात चुकला:
माझं डावं दाखवलं.
चाक कडेपासून वीतभर. मूठ! मूठ!
ती आधीच थांबली होती.
माझ्या हाताकडे तिचं लक्षच नव्हतं.
ती बघत होती ती लांबची नदी,
तपकिरी, चिंचोळी,
कुणीतरी सांगितलेली, एकतीस वर्षं.

मग उगीचच हॉर्न वाजवला.
सत्याऐंशी सालचा, चिरका, दरीभर.

"माझ्याकडे बघ," मी ओरडले,
आणि टाचेने मागचा दगड चाचपला.

होता.